कप्तान इव्हान्सचें प्यादें

हातचें द्रव्य सोडून वेळ विकत घ्यावयाचा, हा व्यवहार संसारांत प्रत्येकास कधीं ना कधीं करावा लागतो. मुलाच्या शिक्षणाकरितां शेत गहाण टाकणारा गृहस्थ तेंच करीत असतो. मात्र तो सौदा किफायतीचा झाला कीं आतबट्ट्याचा, हें बिनचूक मोजून पाहण्याची सोय संसारांत नाहीं. बुद्धिबळाच्या पटावर ती आहे. तेथें दोन्ही पक्षांचें भांडवल आरंभीं सारखें असतें, चाली आळीपाळीनें होतात, आणि जमाखर्चाची वही दोघांच्याहि डोळ्यांसमोर उघडी असते. एक प्यादें मुद्दाम प्रतिपक्षाच्या तोंडीं द्यावयाचें आणि त्याच्या मोबदल्यांत दोन-तीन चालींची आघाडी मिळवावयाची, अशा आरंभास पाश्चात्य खेळाडू 'गँबिट' म्हणतात. त्यांपैकीं एका तिखट गँबिटाची फोड करून पाहण्याचा आमचा विचार आहे. वाचकांनीं शक्य तर पट मांडून घ्यावा. नुसत्या वाचनानें विषय कळणार नाहीं असें नाहीं, पण गोडी निम्मीच येईल.

'गँबिट' हा शब्द मूळ इटालियन. 'गांबा' म्हणजे पाय, आणि 'गांबेत्तो' म्हणजे कुस्तींत पायांत पाय घालून प्रतिस्पर्ध्यास पाडणें. आपल्या तालमींतून ज्यास टांग मारणें म्हणतात तोच हा पेंच. रुय लोपेझ नांवाच्या स्पॅनिश धर्मोपदेशकानें १५६१ सालीं बुद्धिबळावर ग्रंथ लिहिला, तेव्हांपासून हा शब्द पटावर आला. टांग मारणारा पैलवान क्षणभर एका पायावर उभा असतो, ही गोष्ट पुढील विवेचनांत उपयोगी पडणारी आहे.

आपल्याकडील जुन्या देशी खेळांत असा आरंभ कां आढळत नाहीं, याचें कारण नियमांत आहे. देशी पद्धतींत बहुतेक ठिकाणीं प्याद्यास पहिल्या चालीसहि एकच घर पुढें जातां येई, किल्लेकोट नव्हता, त्याऐवजीं राजास एकवार घोड्याची चाल मिळे. सैन्यें एकमेकांस भिडावयासच इतक्या चाली लागत कीं एखादी फुकट गेली तरी कोणी हळहळत नसे. विलायती पद्धतींत प्यादें पहिल्या खेपेस दोन घरें उडी घेतें, चवथ्या-पांचव्या चालीसच मोहरे समोरासमोर येतात, आणि एका चालीचा उशीर राजाच्या प्राणावर बेततो. चालीचा भाव असा चढला म्हणूनच प्याद्यानें ती विकत घेण्याची कल्पना निघाली.

घरांचीं नांवें आम्ही पुढीलप्रमाणें देत आहों. पांढऱ्याच्या डाव्या हाताकडून उभ्या रांगांना अनुक्रमें अ, ब, क, ड, ई, फ, ग, ह अशीं अक्षरें. आडव्या रांगांना पांढऱ्याच्या बाजूनें १ ते ८ आंकडे. पांढरा राजा ई१ वर, वजीर ड१ वर. काळा राजा ई८ वर, वजीर ड८ वर.

आतां डाव मांडूं. पांढऱ्याचें प्यादें ई४ वर, काळ्याचें ई५ वर. पांढऱ्याचा घोडा फ३ वर, काळ्याचा क६ वर. पांढऱ्याचा उंट क४ वर, काळ्याचा क५ वर. येथपर्यंत दोघे शेजाऱ्यांसारखे सलोख्यानें वागले. पांढऱ्या उंटाची नजर फ७ या घरावर आहे, कारण तेथील प्याद्यास राजावांचून दुसऱ्या कोणाचाहि जोर नाहीं. काळ्याची नजर त्याच न्यायानें फ२ वर. हा इटालियन आरंभ शतकानुशतकें खेळला जात होता. चवथ्या चालीस पांढरा आतां आपलें ब२ वरील प्यादें दोन घरें पुढें, म्हणजे ब४ वर, ढकलतो. त्यास कोणाचाहि जोर नाहीं. काळ्याचा उंटहि तें घेऊं शकतो आणि घोडाहि घेऊं शकतो. प्रथमदर्शनीं ही खेळी म्हणजे हात चुकून पडलेलें प्यादेंच वाटतें.

पण उंटानें प्यादें घेतलें कीं पांढरा क३ वर प्यादें आणतो आणि उंटास उठावें लागतें. समजा तो अ५ वर गेला. पांढऱ्यानें ड४ केलें. काळ्यानें ई५ वरील प्याद्यानें तें मारलें. पांढऱ्यानें किल्लेकोट केला, म्हणजे राजा ग१ वर नेऊन हत्ती फ१ वर आणला. येथें क्षणभर थांबून जमाखर्च पाहूं. काळ्यानें सहा चाली केल्या. त्यांपैकीं तीन एकट्या उंटानें खाल्ल्या. त्याचा राजा उघड्यावर आहे आणि दुसरा घोडा, दुसरा उंट व दोन्ही हत्ती जागचे हललेले नाहींत. पांढऱ्याचा राजा घरांत बसला आहे, हत्ती मध्याकडे वळला आहे. क-प्यादें पुढें सरकल्यामुळें वजिरास ब३ हें घर मिळालें, जेथून तो उंटाच्या जोडीनें फ७ वर मारा करील. आणि अ३ वर दुसरा उंट बसला कीं अ३ पासून फ८ पर्यंतच्या तिरप्या रेषेवर त्याचा पहारा राहून काळ्यास किल्लेकोट करणें अशक्य होईल. प्यादें दिलें तें असें तिहेरी कामास आलें. काळ्यानें चवथ्या चालीस उंटाऐवजीं घोड्यानें प्यादें घेतलें तरी क३ नें घोड्यास उठावेंच लागतें. फरक फार पडत नाहीं. प्यादें न घेतां उंट ब६ वर माघारीं नेणें हा सभ्य मार्ग आहे, आणि तो वाईटहि नाहीं. पण पटावर फुकटची वस्तु दिसली असतां हात आंखडणारे खेळाडू थोडेच.

ही कल्पना ज्याच्या डोक्यांतून निघाली तो धंदेवाईक खेळाडू नव्हता. विल्यम डेव्हिस इव्हान्स हा वेल्सचा रहिवासी, जन्म १७९०. वयाच्या चवदाव्या वर्षीं तो समुद्रावर गेला, नेपोलियनच्या युद्धाच्या अखेरपर्यंत आरमारांत राहिला, आणि पुढें टपालखात्याच्या जहाजांवर कप्तान झाला. वेल्समधील मिलफर्ड हेवन आणि आयर्लंडमधील वॉटरफर्ड यांच्यामध्यें टपाल पोंचविणें हें त्याचें काम. त्या फेऱ्यांतच, १८२४ च्या सुमारास, त्यास ही खेळी सुचली असें सांगतात. रात्रीं जहाजें एकमेकांवर आदळूं नयेत म्हणून तीन रंगांचे दिवे लावण्याची योजनाहि त्याच्याच नांवावर आहे. १८७२ सालीं बेल्जममधील ऑस्टेंड येथें तो वारला. थडग्यावर त्याच्या जहाजांवरील हुद्द्यांबरोबर दिव्यांचा आणि गँबिटाचा असा दोहोंचाहि उल्लेख आहे. दिवे लावून अपघात टाळणाऱ्या माणसानें पटावर अपघात घडविण्याची युक्ति काढावी, ही आम्हांस मोठी मौजेची गोष्ट वाटते.

इव्हान्सनें आपलें शस्त्र लंडनमध्यें १८२७ च्या सुमारास अलेक्झांडर मॅक्डॉनल याच्यावर चालवून पाहिलें. मॅक्डॉनल हा आयरिश गृहस्थ त्या शहरांतील अग्रगण्य खेळाडू. त्या डावांत इव्हान्सनें आधीं किल्लेकोट केला आणि मग ब४ खेळला, परंतु मर्म तेंच. मॅक्डॉनलचा राजा मध्यांतून बाहेर खेंचला जाऊन क७ पर्यंत आला आणि विसाव्या चालीस त्यावर मात झाली. हरलेल्या माणसानें शहाणपणानें तीच खेळी उचलली. १८३४ सालीं फ्रान्सच्या ला बूर्दोने याच्याशीं लंडनमध्यें त्याचे पंचाऐशीं डाव झाले, त्यांत ती पुनः पुनः पटावर आली. आणि ला बूर्दोनेनेंहि ती त्याच्याकडून शिकून त्याच्यावरच उलटविली. त्यानंतर युरोपांतील खेळाडूंना या गँबिटाचें वेडच लागलें म्हटलें तरी चालेल.

त्या वेडाचें सर्वांत प्रसिद्ध फळ म्हणजे १८५२ सालीं बर्लिन येथें अडॉल्फ आंडरसेन यानें ज्याँ ड्युफ्रेस्न याच्याविरुद्ध जिंकलेला डाव. पुढें त्यास 'सदाहरित डाव' असें नांव पडलें. ब्रेस्लाव येथें गणित शिकविणाऱ्या या मास्तरानें त्या डावांत दोन घोडे, एक हत्ती आणि अखेर वजीर दिला. ड्युफ्रेस्नचा वजीर पुढच्याच चालीस ग२ वर मात करणार होता. तेवढी एक चाल त्यास मिळालीच नाहीं. वजीर मारावयास काळा राजा ड७ वर आला, त्यास हत्ती व उंट या दोघांचा एकदम शह बसला, आणि चोविसाव्या चालीस मात झाली. एकोणिसाव्या चालीस आंडरसेननें हत्ती मध्यांत आणला ती खेळी खरोखर बिनतोड होती कीं काळ्यास त्यांतून सुटावयास वाट होती, याविषयीं पुढील पिढ्यांनीं पुष्कळ काथ्याकूट केला आहे. सौंदर्याकरितां हा डाव जरूर पाहावा. पण गँबिटाची रीत शिकावयाची तर तो फार झगझगीत आहे. डोळे दिपतात, हिशेब दिसत नाहीं.

हिशेब दिसावा म्हणून आम्ही एक लहान व पुष्कळ अलीकडचा डाव पुढें ठेवतों. १९६३ सालीं न्यू यॉर्कमध्यें बॉबी फिशर आणि रूबेन फाइन हे स्पर्धेबाहेर, सहज म्हणून, खेळावयास बसले. फिशर १९७२ सालीं जगज्जेता झाला हें सर्वश्रुत आहे. फाइन हा १९३८ च्या हॉलंडमधील सुप्रसिद्ध स्पर्धेंत केरेसच्या बरोबरीनें पहिला आलेला, पुढें मानसशास्त्राकडे वळलेला विद्वान् मनुष्य. आणि डावाच्या आरंभांवर त्यानें स्वतः ग्रंथ लिहिले होते. तेव्हां अज्ञानाचा प्रश्न येथें नाहीं.

वर आम्ही जेथें थांबलों होतों तेथून पुढें: पांढऱ्याचा किल्लेकोट झाला आहे, सातवी चाल काळ्याची. फाइननें ड४ वरील प्याद्यानें क३ वरचेंहि प्यादें मारलें. म्हणजे पांढऱ्याचीं तीन प्यादीं गेलीं. फिशरनें वजीर ब३ वर आणला. फ७ वर दुहेरी मारा झाला. फाइननें वजीर ई७ वर आणून जोर दिला. पांढऱ्या घोड्यानें क३ वरील प्यादें मारलें, काळा घोडा फ६ वर निघाला. पांढरा घोडा ड५ वर. काळ्या घोड्यानें तो मारला. ई४ वरील प्याद्यानें त्यास मारून ड५ वर ठाण मांडलें. वरकरणीं ही साधी देवघेव. परंतु तीमुळें काळ्या राजाच्या नाकासमोरची ई-रांग मोकळी झाली, आणि तो राजा अजून ई८ वरच आहे. काळ्याचा दुसरा घोडा ई५ वर आला. पांढऱ्या घोड्यानें तो मारला. काळ्या वजिरानें परत मारलें. आतां तेराव्या चालीस पांढऱ्याचा दुसरा उंट ब२ वर आला. वजिरास उठावें लागलें, आणि त्याच्या पाठीमागें ग७ चें प्यादें उघडें पडलें. तें राखावयास फाइननें वजीर ग५ वर नेला. फिशरनें ह४ वर प्यादें ढकलून वजिरास आणखी एक घांस दिला, आणि वजिरानें तो घेतला. उंटानें ग७ वरील प्यादें मारलें. हत्ती ग८ वर गेला. फिशरचा हत्ती फ१ वरून ई१ वर: शह. राजा ड८ वर. सतराव्या चालीस फिशरनें आपला वजीर ग३ वर, काळ्या वजिराच्या तोंडींच, नेऊन ठेवला.

काळ्यानें तो वजीर घ्यावा तर उंट फ६ वर येऊन मात करतो. राजासमोर क७ व ड७ वर त्याचींच प्यादीं, शेजारीं क८ वर त्याचाच उंट, आणि ई-रांगेवर पांढऱ्या हत्तीचा पहारा. न घ्यावा तर त्याचा स्वतःचा वजीर जातो. फाइननें डाव सोडला. त्याच्या क८ वरील उंटानें आणि अ८ वरील हत्तीनें अखेरपर्यंत एकहि पाऊल टाकलें नव्हतें. त्याचे सैनिक संख्येनें कमी नव्हते. ते घरीं झोपलेले होते.

प्यादीं घेत सुटणारा काळा असा बुडतो. यावरून पहिलें एकच प्यादें घ्यावें आणि तें घट्ट धरून बसावें, असा तोडगा कोणी सुचवील. ही परीक्षा पाहिली ती साध्यासुध्या मनुष्यानें नव्हे. विल्हेल्म स्टाइनिट्झ १८८६ पासून १८९४ पर्यंत जगज्जेता होता. प्रतिपक्षाच्या फळींत व्यंग असल्यावांचून त्यावर हल्ला यशस्वी होतां कामा नये, हें शास्त्र त्यानेंच प्रथम मांडलें. त्याच्या दृष्टीनें इव्हान्सचा हल्ला हा केवळ दरडावणी. धीर धरला तर प्यादें पचेल. रशियाचा मिखाइल चिगोरिन हा या गँबिटाचा कट्टा भक्त. १८८९ सालीं हवाना येथें जगज्जेतेपदाकरितां दोघे भिडले तेव्हां चिगोरिननें तें पुनः पुनः खेळलें. सामना स्टाइनिट्झनें जिंकला, पण वाद मिटला नाहीं. तो मिटविण्याकरितां १८९० व १८९१ सालांत न्यू यॉर्क आणि सेंट पीटर्सबर्ग यांच्यामध्यें तारायंत्रानें दोन डाव खेळविले गेले. त्यांपैकीं एक इव्हान्सचा होता. विचारास हवा तेवढा वेळ, पुस्तकें हाताशीं, प्रेक्षकांचा गलबला नाहीं. म्हणजे शास्त्रास अनुकूल अशी सर्व परिस्थिति.

उंट अ५ वर गेल्यानंतर चिगोरिननें किल्लेकोट केला आणि स्टाइनिट्झनें वजीर फ६ वर आणला, ही त्याची आवडती खेळी. पांढऱ्यानें ड४, काळा घोडा ह६. पांढऱ्याचा उंट ग५ वर येतांच वजीर ड६ वर. ड५ वर प्यादें येतांच घोडा ड८ वर. तेराव्या चालीअखेर काळ्याची स्थिति पाहावी. वजीर फ८ वर, घोडा ड८ वर, एक उंट क७ वर व दुसरा क८ वर, दोन्ही हत्ती व राजा मूळच्या घरीं. ह६ वरील घोडा सोडला तर सगळे मोहरे मागल्या दोन रांगांत दाटी करून बसले आहेत. तेरा चालींपैकीं पांच एका उंटानें आणि तीन वजिरानें केल्या, आणि पटावर त्यांचें फलित कांहीं नाहीं. चवदाव्या चालीस चिगोरिननें ड६ वर ढकलून आणखी एक प्यादें दिलें. उंटानें तें घेतांच पांढरा घोडा ब६ वर बसला. काळा हत्ती ब८ वर सरकला आणि पांढऱ्या वजिरानें अ७ चें प्यादें टिपलें. पुढें स्टाइनिट्झ चिवटपणानें लढला, पण डाव गेला, दुसराहि गेला. आमच्या मतें हे दोन डाव म्हणजे जगज्जेत्याच्या तत्त्वाचा पराभव नव्हे. तत्त्व बरोबर होतें. हट्ट मात्र महाग पडला.

औषध सांपडलें तें स्टाइनिट्झला जिंकून १८९४ सालीं गादीवर आलेल्या एमानुएल लास्कर यास. लास्कर हा गणिती. १८९५ सालीं त्यानें लंडनमध्यें बुद्धिबळावर व्याख्यानें दिलीं आणि पुढील वर्षीं तीं पुस्तकरूपानें छापलीं. त्यांत या गँबिटावरील उतारा आहे, आणि तो पाहिला म्हणजे इतकी सोपी गोष्ट सत्तर वर्षें कोणाच्या ध्यानांत कां आली नाहीं याचें नवल वाटतें. पहिलें प्यादें खुशाल घ्यावें. उंट अ५ वर न्यावा. पांढऱ्यानें ड४ केल्यावर मात्र दुसरें प्यादें घ्यावयाचें नाहीं. ड६ वर प्यादें आणून ई५ ला जोर द्यावयाचा. पांढऱ्यानें किल्लेकोट केला कीं उंट आपण होऊन ब६ वर आणावयाचा. झालें.

आतां पांढऱ्यापुढें पेंच पडतो. आपलें प्यादें वसूल करावयाचें तर ई५ वर मारावें लागतें; काळा ड-प्याद्यानें परत मारतो; वजिरावजिरी होते; पांढरा घोडा ई५ वरील प्यादें मारतो आणि काळा उंट ई६ वर येऊन बसतो. मोजून पाहावें: दोघांचीं सहा-सहा प्यादीं. कर्ज फिटलें. पण पांढऱ्याचीं अ आणि क या रांगांतील प्यादीं एकेकटीं पडलेलीं, त्यांना शेजारच्या प्याद्याचा जोर कधींच मिळणार नाहीं. काळ्याचीं तीन इकडे, तीन तिकडे, हातांत हात घालून उभीं. आणि वजीर पटावरून गेल्यामुळें ज्या हल्ल्याकरितां प्यादें दिलें त्या हल्ल्यांतील मुख्य सेनापतीच नाहींसा झाला. हल्ल्याच्या मस्तीनें खेळावयास बसलेल्या पांढऱ्यास आतां तासन् तास दोन लंगडीं प्यादीं सांभाळीत बसावें लागतें. लास्करनें गँबिट मोडून काढलें असें म्हणण्यापेक्षां त्यानें तें बेचव करून टाकलें, असें म्हणणें अधिक खरें.

याचा अर्थ पांढरा निरुपाय झाला असा नाहीं. किल्लेकोट न करतां सातव्याच चालीस वजीर ब३ वर आणून फ७ वर दडपण टाकणें हा मार्ग पुढें निघाला. त्यावर काळा वजीर ड७ वर आणून उत्तर देतो, आणि मग दोघांनाहि वाट नीट माहीत असावी लागते. तथापि थोर खेळाडूंच्या मोठ्या सामन्यांतून हें गँबिट हळूहळू मागें पडलें. मागें पडण्याचें कारण भीति नसून कंटाळा होतें, असें आम्हांस वाटतें. घरगुती खेळांत मात्र तें मरण्याचें कांहीं कारण नव्हतें. कारण लास्करची युक्ति वाचून ठाऊक असणें निराळें, आणि हातांत आलेलें प्यादें ऐन वेळीं सोडून देणें निराळें. घरांत काका आणि पुतण्या पटावर बसले असतां कोण प्यादें परत करतो आणि कोण मुठींत धरून बसतो, हें आमच्या वाचकांनींच पाहावें.

मोठ्या मैदानांत या जुन्या शस्त्राची धार पुनः दिसली ती १९९५ सालच्या एप्रिलांत, लाटव्हियाची राजधानी रिगा येथें, मिखाइल ताल याच्या स्मरणार्थ भरलेल्या स्पर्धेंत. पांढऱ्या बाजूस गॅरी कास्पारोव्ह, काळ्या बाजूस आपला विश्वनाथन् आनंद. त्याच वर्षाच्या उत्तरार्धांत न्यू यॉर्कला दोघांची जगज्जेतेपदाकरितां गांठ पडावयाची होती, तेव्हां ही भेट कोणीच सहज म्हणून घेतली नसणार. कास्पारोव्हनें चवथ्या चालीस ब४ वर प्यादें ठेवलें.

आनंदानें प्यादें घेतलें आणि उंट अ५ ऐवजीं ई७ वर नेला. हा लास्करच्या वळणाचाच विचार: घेतलें तें गरज पडतां परत करण्याची तयारी, आणि राजासमोर एक आडोसा. पांढऱ्यानें ड४ करतांच त्यानें घोडा अ५ वर उडविला, म्हणजे क४ वरील उंटास हलावें लागावें. येथवर रीत जुनीच. कास्पारोव्हनें उंट ई२ वर शांतपणें मागें घेतला आणि काळ्यानें ड४ वर मारल्यावर तें प्यादें वजिरानें मारून वजीर भर मध्यांत आणला. पुढें ई५ वर प्यादें दामटून, वजीर ह४ वरून ग३ वर नेऊन त्यानें ग७ वर डोळा ठेवला. आनंदास ग६ वर प्यादें ढकलून राजाची भिंत स्वतःच फोडावी लागली. त्या भगदाडांतून पंधराव्या चालीस पांढऱ्याचा उंट ह६ वर शिरला आणि काळ्याचा किल्लेकोट कायमचा बंद झाला.

पुनः मोजणी करूं. काळ्याच्या पहिल्या चवदा चालींपैकीं सात घोड्यांच्या आणि तीन एका उंटाच्या. चवदांतल्या दहा चाली अशा, आणि तरीहि त्याचा राजा ई८ वरच. हें आनंदासारख्या, विद्युद्वेगानें अचूक खेळणाऱ्या खेळाडूच्या बाबतींत घडलें, यांतच इव्हान्सच्या कल्पनेचा जोम दिसतो. प्रत्येक चाल सुटी पाहिली तर सकारण आहे. संकट आलें म्हणून घोडा उठला, पुनः आलें म्हणून पुनः उठला. प्यादें परत करण्याचा क्षण मध्यें कोठें तरी येऊन गेला, आणि असे क्षण जातांना आवाज करीत नाहींत.

पंधराव्या चालीस आनंदानें ई५ वरील दुसरें प्यादेंहि घेतलें. घोड्यांची अदलाबदल झाली, पांढऱ्यानें क५ वर प्यादें ढकलून ड-रांग उघडण्यास आरंभ केला. बाविसाव्या चालीस वजिराच्या शहानें काळा राजा फ७ वर निघाला. पांढऱ्याचा घोडा ड५ वर आला, काळ्यानें उंट ई६ वर आडवा घातला, घोडा फ४ वर जाऊन त्या उंटावर बसला, काळ्यानें वजिराचा जोर दिला, आणि पंचविसाव्या चालीस पांढऱ्यानें हत्ती ई१ वर आणून ठेवला. उंट आतां हलूं शकत नव्हता, वजीर त्याच्यामागें अडकलेला, आणि ई२ वरील पांढरा उंट पुढच्या चालीस क४ वर येऊन मारा दुप्पट करणार. आनंदानें डाव सोडून दिला. त्या क्षणीं पटावर दोघांचे मोठे मोहरे सारखेच होते, आणि प्यादीं मोजलीं तर काळ्याचीं सहा, पांढऱ्याचीं चार.